कोठाराला खिडकी कशाला?

बर्निस: नाही मायरन, स्पष्टच सांगते. धान्याचं कोठार म्हणजे माझ्या यंत्राला सुट्टी.

मायरन: अजून नीट बघितलंसुद्धा नाहीस. गाडीतून उतरून दोन मिनिटं नाही झाली.

बर्निस: बघायचं काय त्यात? बारा वर्षं हे मेटल डिटेक्टर घेऊन रानोमाळ हिंडतेय. त्याआधी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. वस्तू कुठे हरवतात ते मला विचार. माणूस जिथे उठतो, बसतो, वाकतो, तिथे वस्तू पडतात. दारातली पायरी, कपडे वाळत घालायची तार, संडासाची वाट. कोठारात कोण राहतं? गहू. आणि गव्हाला खिसे नसतात.

मायरन: म्हणजे जाळून टाकू?

बर्निस: ते तुझं तू ठरव. जमीन तुझी, कोठार तुझं. फोनवर म्हणालास, पहिला बर्फ पडला की जाळणार आहे, त्याआधी एकदा येऊन बघून जा. आले, बघितलं. चाळीस किलोमीटरचं पेट्रोल गेलं, पण हवा छान आहे, तक्रार नाही.

ओल्हा: कोठार नाही ते.

मायरन: आत्या! तुला गाडीतच बस म्हटलं होतं ना? वारा केवढा सुटलाय.

ओल्हा: हा वारा मला शहाऐंशी वर्षं ओळखतो. काही करत नाही मला. काय गं, नाव काय म्हणालीस तुझं?

बर्निस: बर्निस. बर्निस तकाचिक.

ओल्हा: गिरणीवाल्या तकाचिकांची?

बर्निस: त्यांच्याकडे दिलेली. माहेरची मी रॉबर्टसन.

ओल्हा: असू दे. तर ऐक बर्निस. हे कोठार नाही, आमचं घर आहे. माझा जन्म याच्यातला. आई, बाबा, आजी, आम्ही तीन भावंडं, सहा माणसं राहायचो.

मायरन: आत्या, कितीदा बोललोय आपण यावर. माझे बाबा जन्मभर याच शेतावर राहिले. ते म्हणायचे, पहिल्यापासून कोठारच होतं.

ओल्हा: तुझा बाप माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याचं पहिल्यापासून म्हणजे माझं नंतरपासून.

बर्निस: हे बरं आहे. माझ्या बसमध्ये तुमच्यासारखी जोडी असती तर रेडिओ लावायची गरज नव्हती.

मायरन: हसू नकोस गं. चल आत्या, तुला गाडीपर्यंत सोडतो.

बर्निस: थांब थांब. मायरन, त्या भिंतीला तिथे फळ्या आडव्या मारल्यात, बाकी सगळीकडे उभ्या. का रे?

मायरन: खिडकी बुजवलीय तिथे.

बर्निस: कोठाराला खिडकी कशाला?

मायरन: मला काय ठाऊक. उजेडाला असेल.

बर्निस: गव्हाला उजेड? वाचत बसतो का तो?

ओल्हा: विचार त्याला, विचार. माझ्याशी बोलताना लहान मुलाशी बोलावं तसं बोलतो.

बर्निस: दार उघड. आत बघू दे. जपून मावशी, फळी कुजलीय इथली. माझा दंड धरा.

ओल्हा: अगं, मीच तुला सांगणार होते. ही फळी तेव्हाही हलायची.

बर्निस: टॉर्च धर मायरन. इथे, कोपऱ्यात. हे बघ. मातीचा गिलावा, त्यावर चुना. आणि चुन्यात नीळ घातलेली.

ओल्हा: आई घालायची. ईस्टरच्या आधी दर वर्षी. जुन्या देशातून आलेल्या आमच्या लोकांत घर आतून निळसर नसलं तर बाई आळशी म्हणायचे.

मायरन: कोठारालासुद्धा चुना देतात. किड्यांसाठी.

बर्निस: देतात. नीळ नाही घालत. आणि तो वर आढ्याला हूक?

मायरन: मांस टांगायला. नाहीतर कंदील.

ओल्हा: पाळणा! पाळणा टांगायचा तो. माझ्या भावाला, पेत्रोला, मी झोके दिलेत, माझे हात पोचत नव्हते तरी. पायाने द्यायचे, पलंगावर आडवी पडून.

बर्निस: मायरन, मी माझे शब्द मागे घेते. हे घर आहे. सहा माणसं किती वर्षं राहिली, मावशी?

ओल्हा: आईचं लग्न झालं त्या वर्षी बाबांनी बांधलं. मी जन्मले अडतीस साली. चौथा, धाकटा तारास, म्हणजे याचा बाप, तो नव्या घरात जन्मला, चव्वेचाळीसला.

बर्निस: म्हणजे सात-आठ वर्षं तरी. सहा माणसांची सात-आठ वर्षं! अरे, अंगण नुसतं भरलेलं असणार. बटणं, नाणी, चमचे, ट्रंकेच्या कड्या. मी यंत्र काढते.

मायरन: आता म्हणालीस सुट्टी म्हणून.

बर्निस: रद्द झाली.

ओल्हा: मी कॉफी काढते गाडीतून. खसखशीचा रोल आणलाय, सॉसेज आणि काकडीचं लोणचंही. नाही मायरन, मी चालते. दहा पावलं आहेत.

बर्निस: चपळ आहेत रे. शहाऐंशी वाटत नाहीत.

मायरन: पायाने चपळ आहे. बर्निस, ती लांब आहे तोवर सांगून ठेवतो. तिच्या बोलण्यावर फार जाऊ नकोस. तुझा दिवस फुकट जायचा.

बर्निस: म्हणजे?

मायरन: गावात एकटी राहते. गेल्या महिन्यात शेगडी चालू ठेवून शेजारी गेली. भिंत काळी झाली. तेव्हापासून मला झोप नाही. मीच एकटा आहे तिला. मूलबाळ नाही, नवरा जाऊन वीस वर्षं झाली. शहरातल्या वृद्धाश्रमात जागा रिकामी झालीय. शुक्रवारी कागदावर सही करायचीय.

बर्निस: त्यांची की तुझी?

मायरन: डॉक्टरांनी लिहून दिलं तर माझी पुरते. आणि डॉक्टर लिहून देणार. त्यांच्यापुढे तिने तेच सांगितलं ना.

बर्निस: काय तेच?

मायरन: झाडांचं. लहानपणापासून सांगते म्हणे, आता जरा जास्तच सांगते. या घराच्या खिडकीत बसली होती आणि झाडं चालत गेली.

बर्निस: चालत?

मायरन: चालत. एकामागून एक. पांढरी पॉपलरची झाडं, खिडकीसमोरून, हळूहळू, निघून गेली. आणि मग परत आली नाहीत. डॉक्टरांनी ते कागदावर उतरवून घेतलं. मला मान वर करवेना.

ओल्हा: आवाज मोठा आहे तुझा, मायरन. डोकं गेलंय म्हणतोस ना, कान नाही गेलेत.

मायरन: आत्या, मी...

ओल्हा: कप धर. तुझी बिनसाखरेची. बर्निस, तुला साखर किती?

बर्निस: दोन चमचे. मावशी, खरंच चालत गेली झाडं?

ओल्हा: खरंच. तूही लिहून घेणार का?

बर्निस: नाही हो. मला फक्त जागा सांगा. कपडे कुठे वाळत घालायची आई?

ओल्हा: ते... ते नाही आठवत. चार-पाच वर्षांची होते मी.

बर्निस: हरकत नाही. दारापासून सुरू करू. पायरीशी काहीतरी मिळतंच. चला, जरा शांत बसा दोघं, मला ऐकू दे.

मायरन: वाजलं!

बर्निस: लोखंड आहे. हा घोगरा आवाज लोखंडाचा. चांदीचा कसा, गोड येतो, घंटीसारखा. खुरपं दे. हं. कुंपणाच्या तारेचा खिळा.

मायरन: माझाच असेल. उन्हाळ्यात कुंपण दुरुस्त केलं.

बर्निस: पुढे. हा बोल्ट. ट्रॅक्टरचा. हाही तुझाच. मावशी, तुमचा भाचा अख्खा ट्रॅक्टर पेरतोय इथे.

ओल्हा: पेरतो बरंच. उगवतं थोडं.

मायरन: हो, करा दोघी मिळून चेष्टा.

बर्निस: तंबाखूच्या डब्याचं झाकण. हे जुनं आहे. पण एकच. पुढे काही नाही. ही बाजू झाली. मागे जाते मी. मायरन, मी खणलेला खड्डा पायाने दाबून घे, गाईचा पाय मोडेल नाहीतर.

ओल्हा: काही मिळत नाही का गं?

बर्निस: धीर धरा. सॉसेज खा.

मायरन: दीड तास झाला, आत्या. थंडी वाजतेय तुला. ओठ निळे झालेत.

ओल्हा: मिळेल. आई हातातून सगळं पाडायची. बाबा म्हणायचे, तुझ्या मागून अंडी नाहीत, चमचे वेचावे लागतात.

बर्निस: चारही बाजू झाल्या. पन्नास पावलांपर्यंत गेले. दोन खिळे, तीन बोल्ट, एक झाकण, एक नाल. बटण नाही, नाणं नाही, चमचा नाही. काही नाही.

मायरन: मग झालं तर. कोठार ते कोठार. आत्या, मी तुला खोटं पाडायला नाही बोलत. पण बघितलंस ना आता डोळ्यांनी?

ओल्हा: बघितलं.

मायरन: चल, घरी जाऊ. मी सूप गरम करून देतो.

ओल्हा: सूप मी करीन. शुक्रवारपर्यंत शेगडी माझी आहे.

मायरन: असं काय बोलतेस.

ओल्हा: मग कसं बोलू? मायरन, मला त्या आश्रमाची भीती नाही. माझी मैत्रीण हाना राहायला गेली तिथे, मारिका गेली, पत्ते खेळायला माणसं तरी मिळतात. पण मला एक सांग. मला जे दिसलं ते दिसलंच नव्हतं, असं कबूल करून मी तिथे जायचं? ते नाही जमणार. पहाटे जाग येते आणि मलाच वाटायला लागतं, हा म्हणतो तेच खरं असेल. झाडं कुठे चालतात? मग मला आई आठवते ती तरी खरी का? तो निळा चुना? सगळंच मी मनाने रचलंय की काय? याची भीती वाटते मला. वृद्धाश्रमाची नाही.

मायरन: आत्या, चुना तर खरा निघाला ना.

ओल्हा: किड्यांसाठी म्हणालास.

बर्निस: जरा थांबा दोघं. मला काहीतरी खटकतंय.

मायरन: आता काय?

बर्निस: तू शेतकरी आहेस, तू सांग. आत पाळण्याचा हूक आहे, निळा चुना आहे, खिडकी आहे. म्हणजे हे घर, यात वादच नाही. आणि बाहेर जमिनीत माणूस राहिल्याची खूण नाही. म्हणजे इथे कुणी राहिलं नाही, यातही वाद नाही. शंभर जुन्या घरांभोवती फिरलेय मी. सर्वांत गरीब घराभोवतीसुद्धा मूठभर वाकडे खिळे निघतात. दोन्ही खरं कसं असेल?

मायरन: तुझं यंत्र बिघडलं असेल.

बर्निस: नाचता येईना अंगण वाकडं, असं नाही करत मी. यंत्र ठीक आहे. एकच जागा राहिलीय, भिंतीच्या अगदी बुडाशी. तिथे मी जात नाही सहसा, भिंतीतल्या खिळ्यांनी कान किटतात.

मायरन: बर्निस, अंधार पडायच्या आत मला गुरांना चारा टाकायचाय.

बर्निस: आत्ताशी दोन वाजलेत. बाप रे! ऐकलंस? हेडफोन काढला तरी ऐकू येतंय. या कोपऱ्यात. मोठं लोखंड आहे, चांगलंच मोठं.

मायरन: नांगराचा फाळ असेल.

बर्निस: फावडं आण. खुरप्याचं काम नाही हे.

मायरन: सरक. मी खणतो. तू तुझे गुडघे सांभाळ.

ओल्हा: काय आहे?

मायरन: लाकूड लागतंय. पायाचं लाकूड. ही दोन जाड लाकडं घातलीत कोठाराखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. थांब... हे टोक तासलंय.

बर्निस: कसं तासलंय?

मायरन: खालून वर. तिरकं. आणि आरपार लोखंडी कडं बसवलंय. माझं मनगट जाईल एवढं.

बर्निस: पायाच्या लाकडाला कडं?

मायरन: फावडं धर जरा. उरलेली माती हाताने काढतो.

बर्निस: काय दिसतंय, मायरन?

मायरन: हे ओढायचं कडं आहे.

बर्निस: काय ओढायचं?

मायरन: कोठार. आम्ही कोठारं अशीच हलवतो. खाली दोन लाकडं, पुढची टोकं घसरगाडीसारखी तासलेली, कड्यात साखळी. बर्फ घट्ट झाला की ओढत न्यायचं. बाबांनी तीन हलवली माझ्यासमोर. मी स्वतः दोन हलवलीत. ही लाकडं मी जन्मभर बघतोय आणि पाया समजतोय. कोठार ओढतात हे मला माहीत आहे. पण घर...

बर्निस: घर कोण ओढतं?

मायरन: कुणीही ओढेल. आजोबांनी ओढलं.

बर्निस: म्हणूनच जमिनीत काही नाही! घर इथलं नाहीच. माणसं दुसरीकडे राहिली, वस्तू तिथे पाडल्या, आणि भिंती तेवढ्या इकडे आल्या.

मायरन: आत्या.

ओल्हा: काय रे?

मायरन: तू खिडकीत बसली होतीस, तेव्हा बाहेर बर्फ होता का?

ओल्हा: होता ना. काचेवर गोठलेल्या बर्फात मी नखाने भोक पाडलं होतं. त्यातून बघत होते.

मायरन: घरात कोण होतं?

ओल्हा: आई होती. चुलीत लाकडं घालत होती. मला म्हणाली, बसून राहा, हलू नको. बाहेर माणसं ओरडत होती, घोडे होते. कुणाचे ते नाही ठाऊक.

मायरन: आणि झाडं हळूहळू गेली.

ओल्हा: एकामागून एक. म्हटलं ना. शेवटी मोकळं दिसायला लागलं, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीतून रस्ता दिसला. आधी कधी दिसला नव्हता. मला वाटलं झाडं गेली म्हणून रस्ता दिसतोय.

मायरन: झाडं नाही गेली आत्या. तुम्ही गेलात. चुलीसकट, आईसकट, खिडकीसकट. घर चालत आलं.

बर्निस: मावशी, बसा. इथे, माझ्या अवजारांच्या डब्यावर बसा. मायरन, त्यांचा हात धर.

ओल्हा: काही नको. उभी राहते मी. काय म्हणालास? परत सांग.

मायरन: आजोबांनी घर घोड्यांनी ओढून रस्त्याकडे आणलं. तू आत बसली होतीस. तुला झाडं चालताना दिसली, कारण... दिसणारच. मलाही दिसली असती.

ओल्हा: परत सांग.

मायरन: तू खरं सांगत होतीस. इतकी वर्षं. आणि मी तुला डॉक्टरांपुढे...

ओल्हा: रडू नकोस. रडायचं ते मी रडते. तुला नंतर चारा टाकायचाय.

बर्निस: नाक पुसा दोघंही, रुमाल आहे माझ्याकडे. एक कळत नाही मला. घर हलवलं, एवढी मोठी गोष्ट, तुमच्या आईवडिलांनी कधी सांगितलं कसं नाही?

ओल्हा: सांगायचं काय त्यात? त्या काळी ज्याने त्याने काही ना काही हलवलं होतं. चर्चच्या घंटेचा मनोरासुद्धा ओढत आणला गावाने. बाबा बोलायचे ते फक्त घोड्यांशी. आणि मी कधी विचारलं नाही. घर कुठून आलं, असं कोण विचारतं?

मायरन: मग तुम्ही या जागेवर किती राहिलात?

ओल्हा: तो एकच उन्हाळा. पेरणी झाली, नवं घर उभं राहिलं, आणि गव्हाच्या वेळी यात गहू भरला.

बर्निस: एक झाकण, एक नाल. एका उन्हाळ्यापुरतं झालं. आता माझ्या कामाचं बोलू. तासलेलं टोक पूर्वेला आहे. म्हणजे घर आलं पश्चिमेकडून. मायरन, पश्चिमेला काय आहे तुझं?

मायरन: कुरण. पुढे डबकं. डबक्याकाठी... अरे देवा.

बर्निस: काय?

मायरन: डबक्याकाठी पॉपलरची रांग आहे. आणि त्यांच्यासमोर कॅरागनाची झुडपं, सरळ ओळीत, मधेच. मी दर वर्षी ट्रॅक्टर वळवून घेतो तिथे, शिव्या घालत. सरळ ओळ. रानात आपोआप सरळ ओळ उगवत नाही. वाऱ्याला आड म्हणून कुणीतरी लावलीय.

ओल्हा: आजीने लावली. बी जुन्या देशातून आणलं होतं, डोक्याच्या रुमालाच्या गाठीत.

बर्निस: मी यंत्र गाडीत टाकते. मावशी, पुढे बसा. मायरन, तू मागे, आज तुझा नंबर मागे.

मायरन: गुरं?

ओल्हा: गुरं वाट बघतील. त्यांना सवय आहे, तू कधी वेळेवर गेलास?

(अर्धा मैल पश्चिमेला. डबक्याकाठी.)

बर्निस: ऐका! ऐका नुसतं! मी अजून गाडीपासून चार पावलं नाही गेले. मायरन, हे वाजणं बघ. आणि हे. हे लोखंड, हे पितळ. आणि हा गोड आवाज, बाई गं, हा तर पायाशीच.

मायरन: खणू?

बर्निस: मी खणते. तू आत्ता फावड्याने देवसुद्धा फोडशील. हं. चमचा!

ओल्हा: दाखव. इकडे दे. वाकडा आहे.

बर्निस: तुमच्या आईच्या हातून पडला असेल.

ओल्हा: तिच्याच. दुसरं कोण पाडणार? आईचं काही म्हणजे काही नव्हतं माझ्याकडे. जळालं सगळं, पन्नास साली नव्या घराला आग लागली त्यात.

बर्निस: मग हा तुमचा. नियम असा आहे, निघेल त्यातलं अर्धं जमीनमालकाचं. पण मालक काही बोलेल असं दिसत नाही.

मायरन: मालकाचं तोंड आज बंद आहे.

बर्निस: बटण. अजून एक बटण. मावशी, तुमच्या घरात बटणं टिकायची की नाही? मी बर्फ पडेपर्यंत रोज इथे येणार आहे. मायरन, परवानगी?

मायरन: परवानगी. आणि ते कोठार, म्हणजे घर, ते मी जाळत नाही. छप्पर घालतो नवीन.

ओल्हा: छपराचा खर्च कशाला करतोस?

मायरन: करतो. आत्या, शुक्रवारी मी जात नाहीये. फोन करून सांगतो त्यांना. डॉक्टरांनाही सांगतो, ते कागदावरचं वाक्य खोडा म्हणून.

ओल्हा: शेगडीचं नको खोडायला सांगू. ते खरं होतं. भिंत मी काळी केली.

मायरन: शेगडीचं बघू काहीतरी. आपोआप बंद होणारी मिळते. नाहीतर रोज संध्याकाळी मी येत जाईन, तूच मला जेवायला वाढ.

ओल्हा: म्हणजे माझ्यावर पहारा, आणि जेवणही मीच करायचं. हुशार आहेस.

मायरन: आलो तर चालेल ना?

ओल्हा: ये. गप्पा मारायला माणूस लागतं मला. पण झाडांचं निघालं की डॉक्टरांसारखं हं-हं करायचं नाही.

मायरन: नाही करणार. तूच सांग, मी ऐकतो. घर कसं होतं इथे? कुठून कुठपर्यंत?

ओल्हा: ते पॉपलर आहेत ना, तिसरं, फांदी मोडलेलं? ते पलंगावरून दिसायचं. म्हणजे भिंत या इथून निघाली. इथे चूल. इथे आजीची पेटी. बर्निस, तू आजीच्या पेटीवर उभी आहेस.

बर्निस: उतरले बाई.

मायरन: आणि दार?

ओल्हा: डबक्याकडे. तू उभा आहेस ना, त्याच्या एक पाऊल पुढे.

मायरन: इथे?

ओल्हा: तिथेच. बूट चिखलाचे आहेत तुझे. पुस, आणि मग आत ये.